टायमिंग बेल्ट तुटला: हेड उतरवण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. खानापूरची, केए-२२ पासिंगची सेकंडहँड डिझेल गाडी. दीड लिटर, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, रनिंग सव्वा लाखाच्या आसपास. गोव्याहून येताना चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरमध्ये खट्ट आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. त्यानंतर चार-पाच वेळा सेल्फ मारला; तो नेहमीपेक्षा जोरात फिरला, पण गाडी लागली नाही. टोचन करून घरी आणली. आता तिघांची तीन मतं आहेत. गावातले मेस्त्री म्हणतात नवा टायमिंग बेल्ट टाकून सेल्फ मारून बघू. भावोजी म्हणतात कोल्हापुरातून जुनं इंजिन आणून बसवू. बेळगावच्या वर्कशॉपवाल्यांनी सांगितलं, गाडी सोडून जा, हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवल्याशिवाय खर्चाचा आकडा देता येणार नाही. विकणाऱ्याने 'बेल्ट ८०,००० किलोमीटरला बदललाय' असं तोंडी सांगितलं होतं, बिल मात्र नाही.

आज या तिघांपैकी कुणालाच हो म्हणू नका. तिघेही किती मोडलंय याचा अंदाज करून बोलतायत. आणि बेल्ट तुटला कशाने, हे तर कुणीच विचारलेलं दिसत नाही. मला विचाराल तर तो प्रश्न आधीचा आहे. बेल्ट आपल्या आपण म्हातारा होऊन तुटतो तसा दुसऱ्या कुणीतरी मारलेलाही असतो. मारणारा पार्ट आत तसाच राहिला, तर हेडचं सगळं काम करून घातलेला नवा बेल्टही तोच खाणार.

सगळ्यात आधी सेल्फ मारणं बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी सहज चावी फिरवणार नाही. धक्का स्टार्ट तर अजिबात नको. गाडी हलवायची झाली तर न्यूट्रलमध्ये ढकला. सेल्फ जोरात फिरतो, 'फिर्रर्र' आवाज येतो आणि मधेमधे दम लागल्यासारखं होत नाही, याचा अर्थ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, गेलंय. म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) बंद होत नाहीयेत किंवा ते उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, फिरतच नाहीये. तुमच्या बाबतीत दोन्ही असणार.

आत काय झालं ते सांगतो, कारण पुढची तपासणी त्यावरच उभी आहे. क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि हा हिशेब बेल्टचे दात सांभाळतात. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन रेशो साधारण १५ ते १८ असतो, त्यामुळे पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत जागा उरत नाही म्हटलं तरी चालेल. व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन वर आला की टक्कर ठरलेली. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट स्प्रिंगच्या दाबाने तिथल्या तिथे थांबतो आणि त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडे असतातच. क्रँक मात्र फिरतच राहतो. घाटात २,५०० आरपीएमवर असाल तर सेकंदाला चाळीसच्या वर फेरे होतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच जे व्हायचं ते होऊन जातं. त्यापुढे गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकंच इंजिन फिरवत राहतात, म्हणून अशा वेळी लागलीच क्लच दाबावा. त्याने नुकसान टळत नाही, पण मार कमी बसतो. शिवाय बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टवरच असतो. बेल्ट गेला की एक-दोन वेळा दाबेपर्यंत ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग दगडासारखा होतो. तुम्ही चढावर होता म्हणून निभावलं. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना हेच झालं असतं तर जास्त अवघड होतं.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो, हेही सांगून टाकतो, कारण हा प्रश्न रोज येतो. आपल्याकडे पोत्याने असलेल्या स्विफ्ट डिझेलला, म्हणजे १.३ मल्टिजेटला, चेन आहे. इंडिकाच्या १.४ डिझेलला, डस्टरच्या १.५ डिझेलला, जुन्या २.५ लिटर इनोव्हाला, जुन्या सँट्रोला बेल्ट आहे. इनोव्हात तर डॅशबोर्डवर टी-बेल्टचा वेगळा दिवा आहे. सेकंडहँड घेताना तो दिवा नुसता रीसेट करून दिलेला असू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

आता कामाला लागू. वरचं आणि खालचं टायमिंग कव्हर उघडायचं आणि तुटलेला बेल्ट तुकड्यांसकट बाहेर काढायचा. तो फेकू नका. मेस्त्रींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत तो गॅरेजबाहेर पोरांच्या हातात असतो. पांढऱ्या कापडावर पसरून उजेडात बघा.

पाठीवर बारीक आडव्या भेगा आणि दातांच्या बुडाशी चिरा असतील तर बेल्ट वयाने आणि उष्णतेने गेला. एकाच ठिकाणचे सात-आठ दात ओळीने सोलून निघालेत आणि बाकी बेल्ट धड आहे, असं असेल तर काहीतरी जाम झालं होतं: वॉटर पंप, कॅमशाफ्ट किंवा डिझेल पंप. बेल्ट अडला आणि खाली क्रँकच्या पुलीने दात खाल्ले. एका बाजूची कड झिजून दोरे सुटले असतील तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) याचं बेअरिंग कललेलं आहे, बेल्ट बाजूला सरकून कव्हरला किंवा पुलीच्या कडेला घासत होता. पाठ काचेसारखी चकाकत असेल, रबर जळल्याचा वास असेल, तर आयडलर फिरायचा थांबला होता. रबर फुगून मऊ झालंय आणि दात नखाने दबतायत, म्हणजे तेल लागलंय. मग क्रँकचं किंवा कॅमचं ऑइल सील गळतंय. आणि बेल्ट सुरीने कापल्यासारखा सरळ तुटला असेल तर बसवण्याआधी कुणीतरी तो दुमडला होता किंवा बाहेरचं काहीतरी आत शिरलं. आतले दोरे काचेच्या धाग्याचे असतात. ताणाला ते दमदार, पण एकदा कडक दुमडले की आत तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. दुकानात बेल्ट उलटा करून, पिळून 'बघा किती मऊ आहे' असं दाखवणाऱ्याकडून तोच बेल्ट घेऊ नका.

बाहेरचं काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा फॅन बेल्ट. अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा तो बाहेरचा पट्टा जुना झाला की त्याच्या कडेचा दोरा सुटतो, क्रँक पुलीच्या मागून खालच्या कव्हरमध्ये ओढला जातो आणि टायमिंग बेल्टखाली जाऊन त्याला एक-दोन दात उडवतो. मालक म्हणतो टायमिंग बेल्ट तर मागच्याच वर्षी बदललाय, आणि तो खरंही बोलत असतो. म्हणून फॅन बेल्ट धड आहे का, त्याची कड विसकटलीय का, खालच्या कव्हरमध्ये काळे धागे अडकलेत का, हे नक्की बघा. खालचं कव्हर मुळात जागेवर आहे का, तेही बघा. आधीच्या कुणीतरी दोन बोल्ट कमी लावलेत, कोपरा मोडलाय, असं सर्रास असतं. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात रस्त्यावरून तांबडं पाणी वाहतं. त्यातून गाडी काढली की तो चिखल फटीतून आत जातो आणि वाळला की बेअरिंगला पॉलिश पेपर लागल्यासारखं होतं.

विकणाऱ्याच्या 'बदललाय' या शब्दाचीही इथेच परीक्षा होईल. बेल्टच्या पाठीवर कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर छापलेला असतो. अक्षरं पूर्ण पुसली गेली असतील तर पट्टा बराच जुना असण्याची शक्यता जास्त. टेन्शनर आणि वॉटर पंप हाताने फिरवा. खरखर, ढिलेपणा, पंपाच्या छिद्रातून कूलंट सुकल्याचा डाग दिसला तर नुसता बेल्ट बदलून टेन्शनर आणि पंप जुनेच ठेवलेले असू शकतात. तुमच्यासारख्या इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे पंप जाम झाला की बेल्ट गेलाच.

किलोमीटरवर फार विसंबू नका. कंपन्या साधारण ६०,००० ते १,२०,००० च्या मध्ये कुठेतरी आकडा देतात आणि त्याबरोबर वर्षांची मर्यादाही देतात. ती वर्षांची ओळ कुणी वाचत नाही. शिवाय निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या गाड्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास चालतात. मीटर पुढे जात नाही, पण बेल्ट फिरतच असतो. अशा गाडीला मी पुस्तकातला आकडा तसाच लावत नाही, पाऊण धरतो.

कारण सापडलं की नुकसानीकडे. तुमचं इंजिन एका कॅमशाफ्टचं असून तो थेट टप्पेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या वाट्यांवर, बसत असेल तर हेड न उतरवता बरंच काही कळतं. आधी क्रँक पाना लावून हाताने, हळू फिरवायचा आणि चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणायचे. टीडीसीपासून, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेपासून, पाव फेरा पुढे किंवा मागे, जिकडे मोकळा फिरेल तिकडे. अडला तर जोर नाही करायचा, उलट बाजूने यायचं. मग वरचं कव्हर काढून कॅमशाफ्ट बघायचा. डिझेलच्या सपाट हेडमध्ये व्हॉल्व्ह उभे असतात, मार सरळ देठातून वर जातो. त्यामुळे कॅमशाफ्टचे दोन तुकडे, तडकलेली बेअरिंग कॅप, फुटलेली वाटी या गोष्टी आधी दिसतात. बेअरिंगची जागा किंवा कॅप तडकलेली असेल तर थांबा, हेड गेलं. कॅप हेडला लावूनच भोक पाडलेलं असतं, दुसऱ्या हेडची कॅप इथे चालत नाही.

कॅप शाबूत असतील तर कॅमशाफ्ट उतरवा. कॅपचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा, एका टोकाने सोडत गेलात तर धड कॅमशाफ्टही तडकतो. वाट्या चुंबकाने काढून, ज्या नंबरच्या त्या नंबरवर ठेवा. आता सगळे व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर पूर्ण बंद व्हायला हवेत. देठांच्या टोकांवर एक सरळ पट्टी आडवी धरा. इनटेक-इनटेक आणि एक्झॉस्ट-एक्झॉस्ट असं वेगळं ताडून बघा. जे टोक इतरांपेक्षा खाली राहिलंय तो व्हॉल्व्ह वाकून गाईडमध्ये, म्हणजे देठाच्या नळीत, अडकलाय, वर आलेला नाही. अर्ध्या तासाचं काम, आणि हेडच्या बोल्टला अजून हातही लागलेला नाही.

टोकं सगळी एका रेषेत दिसली तरी खूश होऊ नका. उभा व्हॉल्व्ह वाकतो तेव्हा कधी केसभरच वाकतो. म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, ग्लो प्लगच्या (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा प्लग) किंवा इंजेक्टरच्या (डिझेल फवारणारा पार्ट) भोकातून एकेका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. हवा एअर फिल्टरच्या बाजूने फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग किंवा पिस्टन, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलेलं किंवा हेडला तडा. झाकणातून थोडी हवा सव्वा लाख चाललेल्या इंजिनात येणारच. व्हॉल्व्हकडून येणारी मात्र माफ नाही. ज्या इंजिनांत वाटीऐवजी फिंगर किंवा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्या, असतात तिथे मार बसल्यावर फिंगर मोडतो आणि कधी कधी व्हॉल्व्ह वाचतो. तिथेही हीच हवेची परीक्षा निकाल देते.

ग्लो प्लग काढताना जपा. एरवी ते इंजिन गरम करून सोडवतात, तुमचं इंजिन तर सुरूच होत नाही. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या आणि हलक्या हाताने पुढे-मागे करत काढा. प्लग आतच मोडला तर फुकटचं एक काम वाढतं. चिवट वाटला तर सोडून द्या, इंजेक्टरचं भोक वापरा. इंजेक्टर काढले की त्यांच्यावर सिलिंडरचा नंबर लिहायचा. कॉमन रेलमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नव्या डिझेलमध्ये, प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) त्या त्या सिलिंडरला दिलेला असतो, अदलाबदल झाली तर नंतर गाडी खडखडते आणि सगळे बेल्टच्या टायमिंगला दोष देत बसतात. त्याच भोकातून मोबाइलला लागणारा छोटा कॅमेरा आत सोडा. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण दिसेल. किती खोल आहे, धातूचा कपचा उडालाय का, ते बघा.

आता मेस्त्रींच्या सूचनेकडे येऊ. नवा बेल्ट टाकून बघू, यात त्यांचं अर्धं बरोबर आहे. बेल्ट बरोबर टायमिंगला लावून हाताने इंजिन फिरवून बघण्यात चूक काही नाही. चूक आहे ती सेल्फ मारण्यात. वाकलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर पुन्हा आपटला की त्याचं डोकं देठापासून तुटतं. मग ते सिलिंडरमध्ये नाचतं, पिस्टन फोडतं, हेडला खड्डे पाडतं, आणि त्याचा कण एक्झॉस्टमधून टर्बोत गेला तर टर्बोही संपतो. आठ व्हॉल्व्ह आणि एका गॅस्केटवर भागणारं काम मग इंजिनभर पसरतं. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टनला व्हॉल्व्हपुरती जागा सोडलेली असते. तिथे बेल्ट तुटला तरी नवा टाकून गाडी चालू होते, आणि मेस्त्रींचा अनुभव त्या गाड्यांवरचा असणार. डिझेलला तो लावू नये.

एकाही सिलिंडरमधून व्हॉल्व्हकडे हवा गेली तर हेड उतरवायचंच. इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने. उतरल्यावर पहिलं काम पिस्टनची उंची मोजणं. डायल गेज लावून चारही पिस्टन टीडीसीला आणून ब्लॉकच्या पातळीपासून किती वर येतात ते लिहा. चारही जवळपास सारखे हवेत. एखादा ०.१ मिमीपेक्षा जास्त खाली राहिला तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलाय असं धरून चाला, आणि तसं झालं तरच खालचं इंजिन उघडा. दुसऱ्या गिअरमध्ये तुटलेल्या बेल्टला रॉड वाकणं तसं कमी बघितलंय, पण मोजल्याशिवाय सोडत नाही. याच मापावर गॅस्केटची जाडी ठरते. डिझेलची हेड गॅस्केट दोन-तीन जाडीत येते, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ओळखतात. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेली गॅस्केट पातळ निघाली तर सगळं नीट बसवूनही पिस्टन हेडला टेकेल.

लेथचं काम बेळगावातच करा, उद्यमबागेत हेडचं काम जाणणारे हात आहेत. त्यांना स्पष्ट सांगायचं: व्हॉल्व्ह सरळ करायचे नाहीत. ठोकून सरळ केलेला व्हॉल्व्ह गाडी घेऊन घरी जाईपर्यंत चालतो. डिझेलमध्ये मी आठही बदलतो, वाकलेले तीन असले तरी. बाकी पाचांना मार बसलाय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि मजुरी तर तेवढीच लागणार आहे. गाईडमध्ये नवा व्हॉल्व्ह घालून डोलतो का बघायला सांगा, गाईडचा खालचा ओठ फुटलेला असतो. सीट कटिंग आणि लॅपिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा कापून, घासून नीट करणं), नवे स्टेम सील (देठावर तेल अडवणारे). जोडल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून तळाशी ओल दिसते का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. हेडची पातळी सरळपट्टी आणि फिलर गेजने बघायची. ०.०५ मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे लगेच प्लेनिंगला, म्हणजे हेड तासायला, हो म्हणू नका. कित्येक डिझेल हेडना प्लेनिंग करायची मुभाच कंपनी देत नाही, कारण हेड पातळ झालं की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली उरलीसुरली जागाही जाते.

बसवताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. ब्लॉकमधली बोल्टची भोकं पूर्ण कोरडी करायची. तळाशी कूलंट किंवा तेल राहिलं तर बोल्ट घट्ट होताना दाबाने ब्लॉकच तडकतो. ब्लॉकचा पृष्ठभाग ग्राइंडरच्या सँडपेपरने घासायचा नाही, ती धूळ तेलात जाऊन बेअरिंग खाते. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच, आणि आधी ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळून नंतर अंशाच्या मापाने. हाताचा अंदाज इथे चालत नाही.

बेल्ट लावताना क्रँकला आणि कॅमला जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना हव्यात. व्हाइटनरने खुणा करून टायमिंग मारणारे बरेच आहेत आणि पन्नासदा ते जमतंही. पण तुटलेल्या बेल्टवर जुन्या खुणा कुठून आणणार? बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, फॅन बेल्ट आणि गळत असतील ती सीलं एकदमच बदला. क्रँक पुलीचा बोल्टही नवा घ्या, काही इंजिनांत पुली फक्त त्याच्या दाबावर धरलेली असते. टेन्शनर थंड इंजिनवर लावायचा, मग हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पिना पुन्हा बसतात का आणि टेन्शनरचा काटा जागेवर आहे का बघायचं. हे दोन फेरे होईपर्यंत सेल्फला हात नको. इंडिकासारख्या जुन्या इंजिनात डिझेल पंपही याच बेल्टवर असतो आणि त्याचं टायमिंग वेगळं लावावं लागतं. ते चुकलं तर गाडी सुरू होते, पण धूर काढते आणि ओढत नाही.

भावोजींच्या इंजिनाबद्दल. वाईट पर्याय नाही, पण रॉड वाकला असेल किंवा ब्लॉकला मार असेल तेव्हाचा. जुन्या इंजिनाचा बेल्ट किती वर्षांचा हे तुम्हाला तिथेही कळणार नाही, म्हणजे बेल्ट किट तसंही घालावं लागणारच. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या एमएच-०९ गाडीतून निघालेलं इंजिन केए-२२ च्या आरसीवर चढवायचं म्हणजे विक्रीचं बिल आणि मूळ गाडीचे कागद लागतील. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर किंवा घाटात तपासणीला थांबवलं आणि नंबर जुळला नाही तर 'बिल घरी आहे' हे चालत नाही. पुढे विकताना तर अडणारच. नुसतं जुनं हेड आणलंत तर हा प्रश्नच येत नाही. म्हणून हेड गेलं असेल तर मी इंजिनाआधी हेड शोधेन.

खर्चाचं विचारलंत. पार्टचे भाव महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून आकडा देत नाही. बेल्ट किट आणि पंप चार आकड्यांत भागतं, हेडसकट काम पाच आकड्यांत जातं, आणि रॉड-पिस्टन निघाले की गाडीच्या किमतीशी ताडून बघायची वेळ येते. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो. विम्याकडून आशा ठेवू नका, नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. विकणाऱ्याशी भांडायचं तर तोंडी शब्दावर काही हाती लागेल असं दिसत नाही.

शेवटचा प्रश्न, काम गावात करू की बेळगावला. मेस्त्रींकडे टॉर्क रेंच, अंश मोजायचं डायल आणि तुमच्या इंजिनाच्या लॉकिंग पिना असतील तर उतरवणं-बसवणं गावातच करा. ते रोज डोळ्यांसमोर राहतील आणि नंतर काही झालं तर उत्तर द्यायला तिथेच असतील. हेड मात्र तुम्ही स्वतः उद्यमबागेत घेऊन जा. डिक्कीत पालथं टाकू नका, दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवा. वाट्या आणि कॅप नंबर लिहिलेल्या पिशव्यांत न्या. पिस्टनच्या उंचीचे चारही आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, गॅस्केट देताना दुकानदार तेच विचारेल. गाडी सुरू करण्याआधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून सेल्फवर ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत फिरवा, आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला. तोवर घाट टाळलात तर बरं, गोव्याला जायचंच असेल तर बसने जा.